विल्यम लॅम्ब्टन

खाणीतील मोजणीदारास होकायंत्र दिशा दाखविते. परंतु पृथ्वीचा आकार मोजावयास त्याहून सूक्ष्म असे कोनमापक यंत्र, थिओडोलाइट, लागते. सुमारे अर्ध्या टनाचे असे यंत्र घेऊन लॅम्ब्टन ह्यांनी इ. स. १८०२ मध्ये मद्रासेजवळ मोजणीस आरंभ केला. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढविताना दोर तुटून ते भिंतीवर आदळले व त्याचे मापनचक्र वाकले. ते न खचता तंबूत बसले आणि सहा आठवडे खपून त्यांनी ते सुधारले. त्याच यंत्राने पुढील काम चालले. जानेवारी १८२३ मध्ये वर्धा प्रांतातील हिंगणघाट येथे, मोजणीच्या वाटेवरच, त्यांचा अंत झाला. अपुरे कार्य एव्हरेस्ट ह्यांनी पुढे नेले. साधन मोडले तरी निश्चय मोडू नये, हे आम्ही त्यांजपासून शिकावे.