राजपुत्र दिपोनेगोरो आणि त्यांची कट्यार

जावा बेटातील योग्यकर्ता येथील राजकुलात ११ नोव्हेंबर १७८५ रोजी राजपुत्र दिपोनेगोरो यांचा जन्म झाला. पिता पुढे तिसरे हमेंगकुबुवोनो म्हणून सुलतानपदावर आले. माता मात्र पट्टराणी नव्हत्या. राजवाड्यातील कारस्थानांपासून दूर, तेगलरेजो येथे पणजीच्या छत्राखाली त्यांचे संगोपन झाले. धर्मग्रंथांचे वाचन आणि एकांतातील उपासना यांत त्यांचे मन रमे. १८१२ साली इंग्रजांनी योग्यकर्त्याचा राजवाडा लुटला. त्या फौजेत बंगालचे हिंदी शिपाईही होते, हे आपण विसरू नये. त्यानंतर युवराजपद चालून आले असताही दिपोनेगोरो यांनी ते नाकारले.

जावातील कुलीन पुरुषास केरिस म्हणजे केवळ शस्त्र नव्हे. ही कट्यार कमरेला पाठीमागे खोवली जाते. लोखंडाचे व निकेलयुक्त धातूचे थर एकावर एक ठोकून ‘एम्पू’ म्हणजे घडविणारा कारागीर तिच्या पात्यावर नक्षी उमटवितो. पाते नागमोडी असेल, तर त्याच्या वळणांची संख्या परंपरेने विषम असते. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या केरिसला स्वतःचे नाव असते, आणि त्यामागे एखाद्या वंद्य वडीलधाऱ्यास लावावी तशी ‘क्याई’ ही पदवी लागते. सुरो महिन्यात, म्हणजे मोहरमात, लिंबाच्या रसाने व सोमलाने तिला विधिपूर्वक स्वच्छ करतात. दिपोनेगोरो यांच्या केरिसचे नाव क्याई नोगो सिलुमान. यातील ‘नोगो’ म्हणजे आपला नागच. ‘सिलुमान’ म्हणजे अदृश्य होण्याची शक्ती असलेला.

१८२५ साली डच अधिकाऱ्यांनी तेगलरेजोच्या जमिनीतून रस्ता काढण्यासाठी खुंट्या ठोकल्या आणि युद्धास तोंड फुटले. हे झाले निमित्त. जकातनाक्यांच्या जाचाने रयत आधीच गांजलेली होती. पाच वर्षे युद्ध चालले व सुमारे २ लक्ष जावावासी प्राणांस मुकले. डचांनी जागोजागी गढ्या बांधून प्रदेश आवळत आणला. गुरुतुल्य क्याई मोजो १८२८ मध्ये कैद झाले, तर तरुण सेनानी सेंतोत यांनी १८२९ मध्ये शरणागती पत्करली.

फेब्रुवारी १८३० मध्ये डच कर्नल क्लेरेन्स वाटाघाटीसाठी येऊन भेटला. याच सुमारास दिपोनेगोरो यांनी आपली केरिस त्याच्या हाती दिली. ती देताना आपण पाहिल्याचे सेंतोत यांनी त्याच वर्षी लिहून ठेवले आहे. वंद्य वडीलधारा मानलेली वस्तू परक्याच्या स्वाधीन करणे म्हणजे त्याच्या शब्दावर आपला जीव टाकणे होय. २८ मार्च १८३० रोजी, रमजान संपून ईद झाल्यावर, बोलणी करण्यासाठी मागेलांग येथे आलेल्या राजपुत्रास जनरल दे कॉक याने अटक केली.

पुढे १८३१ साली केरिस हॉलंडच्या राजास नजर करण्यात आली. विश्वासाची खूण विजयाची खूण झाली! त्या वेळी हॉलंडमध्ये राहत असलेले जावाचे चित्रकार रादेन सालेह यांनी तिच्या नावाचा अर्थ लिहून दिला. तरीही राजाच्या संग्रहातून १८८३ मध्ये लायडनच्या संग्रहालयात गेल्यावर ती अनेक केरिसांच्या गर्दीत अनोळखी होऊन राहिली.

दिपोनेगोरो यांना प्रथम मनाडो येथे ठेवण्यात आले. तेथे त्यांनी आपले आत्मचरित्र पद्यात रचले. त्याची हस्तलिखिते २०१३ साली युनेस्कोने जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत घेतली. १८३३ मध्ये त्यांना मकासरच्या किल्ल्यात हलविले आणि ८ जानेवारी १८५५ रोजी बंदिवासातच त्यांचा अंत झाला.

जुनी कागदपत्रे व पात्याचे स्वरूप ताडून पाहून संशोधकांनी अखेर ती केरिस ओळखली. मार्च २०२० मध्ये डच राजांच्या भेटीच्या निमित्ताने ती इंडोनेशियास परत मिळाली. हीच ती का, अशी शंका तेथील काही जाणकारांनी घेतली खरी. ती जाकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे सोपविण्यात आली. तिच्या धन्याची कबर मात्र मकासरलाच आहे.