पर्सी शॉ : रात्रीच्या रस्त्याला डोळे देणारा माणूस



उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रात्रीच्या रस्त्याचं रूपच बदलतं. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासा, कुठेही जा. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, टायरगाड्यांची रांग, आणि त्यांच्या कडेकडेनं क्लासहून घरी निघालेली सायकलवरची पोरं. ट्रॉलीचा मागचा दिवा असला तरी बाहेर आलेल्या मोळ्यांनी झाकलेला. अशा रस्त्यावर परावर्तक, म्हणजे आपला रोजच्या बोलण्यातला रिफ्लेक्टर, किती कामाचा हे वेगळं सांगायला नको. तो रस्त्यावर आणणाऱ्या एका माणसाची ही गोष्ट परिपाठात नक्की सांगा.

पर्सी शॉ यांचा जन्म १५ एप्रिल १८९० रोजी इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स इथे झाला. वडील रंगाच्या कारखान्यात मजूर, घरात खाणारी तोंडं भरपूर. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि पर्सी गिरणीत कामाला लागले. पण हाताला यंत्रांची आवड होती. पुढे वडिलांबरोबर त्यांनी यंत्रदुरुस्ती केली, मग घरापुढचे रस्ते आणि वाटा डांबरी करून देण्याचा धंदा काढला. त्यासाठी छोटा रोलरही स्वतःच बनवला. म्हणजे हा माणूस प्रयोगशाळेतला नव्हे, रस्त्यावरचा.

शोधाबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. एका रात्री कुंपणावरच्या मांजराचे डोळे गाडीच्या उजेडात चमकले, ही एक. दुसरी अशी की धुक्यात घाट उतरताना ते ट्रामच्या चकचकीत रुळांवर नजर ठेवून गाडी चालवत. रूळ काढल्यावर रस्ता दिसेना, तेव्हा कल्पना सुचली. मुलांना मांजर आवडतं. पण मला विचाराल तर रुळांची गोष्ट वर्गात जास्त कामाची आहे, कारण तिच्यात आधी अडचण आहे आणि मग उत्तर.

काचेची परावर्तक भिंगं त्यांच्या आधीच निघाली होती. रिचर्ड हॉलिन्स मरे या हिशेबनीसानं १९२७ मध्येच त्यांचं पेटंट घेतलं होतं. हेही मुलांना सांगा, नाहीतर सगळं श्रेय एकाच्याच नावावर जातं. शॉ यांचं खरं डोकं चाललं ते पुढे. भिंग रस्त्यात बसवलं तर चिखलानं आंधळं होणार आणि चाकाखाली फुटणार. म्हणून त्यांनी लोखंडी खोक्यात रबराचा ठोकळा बसवला, त्यात भिंगं. चाक गेलं की रबर दबतं, भिंगं खाली जातात आणि रबरावर घासून पुसली जातात. खोक्यात साठलेलं पावसाचं पाणी त्यांना धुतं. पापणी लवावी तसंच. १९३४ मध्ये पेटंट, १९३५ मध्ये कंपनी. १९३७ मध्ये सरकारनं अनेक नमुने एका रस्त्यावर बसवून पाहिले, त्यात शॉ यांचे टिकले. दुसऱ्या महायुद्धात दिवे झाकून गाड्या चालू लागल्या, तेव्हा या डोळ्यांची किंमत सगळ्यांना कळली.

आता एक गंमत बघा. हा डोळा पावसाच्या भरवशावर साफ होतो. यॉर्कशायरला ते चालतं. आपल्या पाथर्डी-जामखेडला वर्षातले आठ महिने कोण धुणार? सायकलच्या मागचा लाल रिफ्लेक्टर फुफाट्यानं माखला की असून नसल्यासारखा. ओल्या फडक्याचं काम आहे, आठवड्यातून एकदा.

वर्गात एक प्रयोग करा. खोली अंधारी करून रिफ्लेक्टर भिंतीशी ठेवा. बॅटरी डोळ्याशेजारी धरली की तो लख्ख दिसतो. तीच बॅटरी दुसऱ्या मुलाच्या हातात देऊन बाजूला उभी केली की मंद होतो. कारण उजेड जिथून आला तिकडेच तो परत पाठवतो. ड्रायव्हरचे डोळे हेडलाइटच्या जवळ असतात म्हणून त्याला दिसतो. पण ज्या गाडीचा हेडलाइटच बंद आहे, तिला रिफ्लेक्टर काहीच दाखवू शकत नाही. त्यासाठी स्वतःचा दिवा हवा, पुढे पांढरा, मागे लाल. पायडलवर रिफ्लेक्टर असले तर ते वरखाली हलतात आणि सायकल आहे हे लांबूनच ओळखू येतं.

इंग्लंडमध्येही सायकलला मागचा दिवा सक्तीचा करण्यावरून वाद झाला होता. सायकलस्वारांच्या संघटनेचं म्हणणं असं की, समोर बघून चालवणं ही मोटारवाल्याची जबाबदारी आहे. मला ते आजही पटतं. म्हणून शाळेनं पालकसभेत मुलांच्या दिव्यांबरोबर ट्रॉलीच्या रिफ्लेक्टरचाही विषय काढावा. ट्रॉलीवालेही आपल्याच मुलांचे पालक असतात.

शॉ श्रीमंत झाले, पण लहानपणापासूनचं घर त्यांनी सोडलं नाही. लग्न केलं नाही. घरात ना गालिचे ना पडदे. तीन-चार टीव्ही मात्र एकाच वेळी, आवाज बंद करून चालू. चैन एकच, रोल्स-रॉइस गाडी. १९६५ मध्ये ब्रिटिश सरकारनं त्यांचा सन्मान केला. १ सप्टेंबर १९७६ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्याच घरात ते वारले.