शाळेत नसलेला विषय

आठवीत वर्ग वाटले गेले ते आठवत असेल. पूर्ण संस्कृतवाले एकीकडे, अर्धं संस्कृत अर्धं हिंदीवाले दुसरीकडे, आणि संपूर्ण हिंदी घेणारे आम्ही तिसरीकडे. तेराव्या वर्षी घेतलेला तो निर्णय पुढे कोणी बदलत नाही. इंजिनिअरिंगला गेल्यावर तर जुन्या भाषांशी संबंधच संपला. स्मरणिकेसाठी कोणावर तरी लिहा असा निरोप आला, तेव्हा मी धर्मानंद कोसंबी हे नाव कळवलं. त्याला कारण आहे. दोन वर्षांपासून मी सुट्टीच्या दिवशी पाली शिकते आहे, आणि पुण्यात पाली शिकणाऱ्या कोणालाही या माणसाला ओलांडून पुढे जाता येत नाही.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६चा, गोव्यातल्या सांखवाळ गावचा. शिक्षण मराठी प्राथमिक शाळेपुरतं, तेही आजारपणामुळे तुटक. मग घरच्या माडांची देखभाल, लहान वयात लग्न, आणि हाताला लागेल ते मराठी पुस्तक वाचणं. 'बालबोध मेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाविषयीचा एक लेख वाचला. पुढे गोविंद नारायण काणे यांनी लिहिलेलं बुद्धचरित्र मिळालं. त्यातून मनाने घेतलं की बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा. त्यासाठी संस्कृत हवं, ते गोव्यात मिळणार नाही, म्हणजे पुण्याला जायला हवं. १८९९च्या अखेरीस ते घरातून निघाले. वय २३. घरी पत्नी बाळाबाई आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी माणिक.

या माणसाची गोष्ट बहुतेक ठिकाणी ज्ञानाची तळमळ म्हणून सांगितली जाते. ती तळमळ होतीच. पण तिची किंमत एकट्या त्यांनी मोजली नाही. पुढची जवळजवळ सात वर्षं बाळाबाईंनी तान्ह्या मुलीसह नवऱ्याविना काढली. धर्मानंदांनी १९२४ साली 'निवेदन' हे आत्मचरित्र लिहिलं, स्वतःच्या चुका न झाकता लिहिलं. बाळाबाईंची बाजू मात्र आपल्याला त्यांच्याच पुस्तकाच्या ओळींमधून ताडावी लागते.

पुण्यात ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. खिशात पैसे नाहीत, मॅट्रिकचा दाखला नाही, इंग्रजी नाही, अशा तरुणाला भांडारकरांनी परत पाठवलं नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पण पुण्यात त्यांचं बस्तान बसलं नाही. काही महिन्यांतच ते उत्तरेकडे निघाले आणि १९०० साली काशीला पोहोचले. तिथे अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांच्या घरी जाऊन व्याकरण घोकायचं, असा क्रम दोन वर्षं चालला. आपल्यातले पूर्ण संस्कृतवाले शब्द चालवायला कुरकुरायचे. हे कौमुदी पाठ करत होते, तेही अर्ध्या पोटी.

१९०२ साली ते नेपाळला गेले. बुद्धाची जन्मभूमी तिकडची, तेव्हा धर्मही तिकडेच जिवंत असणार, असा त्यांचा हिशेब. तो चुकला. काठमांडूत त्यांना अभ्यासाची परंपरा दिसली नाही, निराशा पदरी पडली. तिथून ते बुद्धगयेला आले. तिथे एका भिक्षूकडून कळलं की बुद्धाचे ग्रंथ पालीत आहेत आणि पाली शिकायची तर सिंहलद्वीप गाठायला हवं. म्हणजे तीन वर्षं ज्या भाषेसाठी उपास काढले, ती हवी असलेली भाषा नव्हतीच! आमच्या क्षेत्रात याला प्रोजेक्ट बंद पडला असं म्हणतात. धर्मानंद कोलकात्याहून कोलंबोला गेले.

तिथल्या विद्योदय विद्यालयात हिक्कडुवे सुमंगलाचार्य प्रमुख होते. धर्मानंदांना सिंहली येत नव्हती, आणि काशीचं संस्कृत इथे कामाला आलं. गुरुशिष्यांचं बोलणं त्याच भाषेत होऊ लागलं. पालीला स्वतःची लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत लिहितात, म्यानमारमध्ये बर्मी लिपीत, थायलंडमध्ये थाई लिपीत. त्यामुळे आधी लिपी गिरवायची आणि मग भाषा. धर्मानंदांनी सिंहली लिपी शिकून घेतली, ते श्रामणेर झाले, पुढे ब्रह्मदेशात जाऊन भिक्षू झाले आणि तिथे बर्मी लिपीही शिकले. ही खटपट पुढे कुठे उपयोगी पडली ते पुढे येईलच.

पालीविषयी दोन शब्द इथेच सांगते, कारण पूर्ण संस्कृतवाल्यांना हेवा वाटेल. पालीत द्विवचन नाही. जोडाक्षरं सोपी झालेली आहेत. धर्म म्हणजे धम्म आणि निर्वाण म्हणजे निब्बान. आणि मराठी माणसाला तर ती आजोळच्या भाषेसारखी भेटते. संस्कृत हस्त, पाली हत्थ, आपला हात. सप्त, सत्त, सात. दुग्ध, दुद्ध, दूध. सहलीला गेल्यावर कार्ल्याच्या लेण्यात खांबांवरच्या ज्या अक्षरांवरून आपण बोटं फिरवली, त्यांची भाषा प्राकृत आहे, पालीची बहीणच. त्यातल्या काही खांबांचे दाते यवन आहेत. ती अक्षरं पुण्यापासून तासाभरावर आहेत, आणि धर्मानंदांना ही भाषा शिकायला समुद्र ओलांडावा लागला.

१९०६ साली ते कोलकात्याला आले आणि भिक्षूची वस्त्रं उतरवून शिक्षक झाले. तिथे नुकतंच नॅशनल कॉलेज निघालं होतं. प्राचार्य अरविंद घोष, म्हणजे लहानपणापासून इंग्लंडात वाढलेले आणि शाळेतच ग्रीक-लॅटिन पक्कं करून केंब्रिजला गेलेले. त्याच कॉलेजात पाली शिकवायला हा प्राथमिक शाळेतून बाहेर पडलेला माणूस! बहुभाषापंडित हरिनाथ डे हेही ग्रीक-लॅटिनचे जाणकार. त्यांनी धर्मानंदांची योग्यता ओळखली आणि पुढे कोलकाता विद्यापीठातही पाली सुरू झाली. याच सुमारास धर्मानंद गोव्याला जाऊन बाळाबाईंना भेटले आणि संसार पुन्हा सुरू झाला. १९०७ साली मुलगा झाला, त्याचं नाव दामोदर.

आता नोकरी होती, मान होता. पण त्यांना महाराष्ट्रात, मराठीत काम करायचं होतं. सयाजीराव गायकवाडांनी महिना ५० रुपये देऊ केले, अट एवढीच की महाराष्ट्रात राहावं आणि वर्षाला एक पुस्तक लिहावं. विद्यापीठाचा पगार याच्या कितीतरी पट होता. धर्मानंदांनी ५० रुपये पत्करले. ऑफिसमध्ये मी हे सांगितलं तर लोक आधी त्यांच्या ईएमआयची चौकशी करतील.

पुढची उडी लांबची आहे. हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स भारतात आले असताना त्यांची ओळख झाली, आणि १९१० साली धर्मानंद अमेरिकेला गेले. हेन्री क्लार्क वॉरन नावाचे अभ्यासक बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाची संपादित आवृत्ती अर्धवट ठेवून १८९९ साली वारले होते, म्हणजे धर्मानंदांनी घर सोडलं त्याच वर्षी. ते काम पुरं करायचं होतं. सिंहली आणि बर्मी हस्तलिखितं समोर ठेवून पाठ ताडून पाहायचे होते. गिरवलेल्या लिप्या इथे उपयोगी पडल्या. पण प्राध्यापक लॅनमन यांच्याशी कामाच्या श्रेयावरून बिनसलं आणि १९१२ साली ते परत आले.

परत आले ते पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजमध्ये. भांडारकरांच्या प्रयत्नांनी मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला जागा मिळाली होती, पण वर्ग चालवायला माणूस हवा होता. १९१२ ते १९१८ धर्मानंदांनी फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली. समोर बसलेल्या मुलांनी हा विषय शाळेत पाहिलेला नव्हता. मास्तरांनीही नव्हता. त्याच वर्गातून पु. वि. बापट आणि चिं. वै. राजवाडे तयार झाले. राजवाड्यांनी दीघनिकायाचं मराठी भाषांतर केलं. बापट पुढे स्वतः हार्वर्डला जाऊन आले आणि १९५६ साली बुद्धजयंतीच्या निमित्ताने निघालेल्या बौद्ध धर्माच्या २५०० वर्षांवरील ग्रंथाचे संपादक झाले. पाली आज आपल्याकडे दहावी-बारावीला घेता येते. त्या वाटेची सुरुवात शोधत गेलं, तर फर्ग्युसनच्या त्या वर्गाजवळ येऊन थांबावं लागतं.

नंतरचं आयुष्य मी भरभर सांगते, कारण त्यावर पुस्तकंच वाचावीत. पुन्हा हार्वर्ड, या वेळी माणिक आणि दामोदर यांना बरोबर घेऊन. माणिक रॅडक्लिफ कॉलेजची पदवीधर झाली. मग गुजरात विद्यापीठ, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास, परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार, आणि सोप्या मराठीतलं 'भगवान बुद्ध'. शरीर थकल्यावर त्यांनी अन्नत्याग केला आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामच्या आश्रमात देह ठेवला.

दामोदर म्हणजे आपले डी. डी. कोसंबी, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे आणि इतिहासाकडे वळलेले. संस्कृतही त्यांनी रीतसर वर्गात बसून नव्हे, भर्तृहरीची सुभाषितं हातात घेऊन स्वतःच पक्कं केलं. गणितातून आलेल्या माणसाला हेही जमतं, हे आमच्या बेंचवरच्या हिंदीवाल्यांनी ध्यानात घ्यावं.

वॉरन यांनी सुरू केलेला विसुद्धिमग्ग हार्वर्ड ओरिएंटल सिरीजचा ४१वा खंड म्हणून १९५० साली निघाला. मुखपृष्ठामागच्या पानावर संपादक म्हणून वॉरन यांचं नाव आहे आणि संस्करण करणारे म्हणून धर्मानंदांचं. छापलेला खंड दोघांपैकी कोणीच पाहिला नाही. त्या मालेतला पुढचा, ४२वा खंड १९५७ साली आला. तो संस्कृत सुभाषितरत्नकोश आहे, आणि त्याच्या दोन संपादकांपैकी एक दामोदर धर्मानंद कोसंबी.