कॅथरीन ऑफ ब्रागांझा : मुंबई आंदणात आणणारी राणी

१७व्या शतकात लंडनला थेम्स नदीकाठी मातीच्या मोठ्या थाळ्यांवर राजाराणीची चित्रे रंगवत. थाळीला कथील मिसळलेली पांढरी झिलई दिली जाई आणि ती कच्ची असतानाच वर रंग लावत. रंग लगेच शोषला जाई, रेष पुसता येत नसे. म्हणून चेहरे बहुधा ओबडधोबडच. राजा ओळखायचा तो मुकुटावरून. अशा थाळ्यांवर दुसऱ्या चार्ल्सशेजारी दिसणारी राणी म्हणजे कॅथरीन.

तिचा जन्म १६३८चा, पोर्तुगालमधला. १६६१च्या विवाह करारात रोख रकमेबरोबर टँजिअर आणि मुंबई आंदण ठरली. लग्न १६६२मध्ये झाले, पण मुंबई प्रत्यक्ष हाती आली १६६५मध्ये. राजाने १६६८मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला अवघ्या १० पौंडांवर देऊन टाकली! कॅथरीनने मुंबई कधी पाहिलीच नाही. शेजारची वसई मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. चिमाजी अप्पांनी ती १७३९मध्ये जिंकली. ओझरच्या विघ्नहर मंदिराच्या शिखरावरचे सोने त्याच विजयानंतरचे.

कॅथरीनचा संसार सुखाचा नव्हता. राजाच्या प्रेयसी दरबारातच वावरत. तिचे गर्भपात झाले, मूल जगले नाही. ती कॅथलिक, त्यामुळे प्रोटेस्टंट इंग्लंडमध्ये तिच्यावर संशय. १६७८मध्ये तर राजाला विष देण्याच्या कटाचा खोटा आळ आला. घटस्फोटासाठी दबाव असूनही चार्ल्सने तिला सोडले नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. तो १६८५मध्ये वारला. १६९२मध्ये ती मायदेशी निघाली. तिथे आजारी भावाच्या वतीने तिने राज्यकारभार पाहिला आणि १७०५च्या शेवटच्या दिवशी तिचे निधन झाले.