फूलबागेतील समाधी

स्टेशनकडून लष्करात येताना फूलबागेजवळ घोड्यावर स्वार झालेल्या राणी लक्ष्मीबाईंचा पुतळा दिसतो. आपण ग्वाल्हेरकर तिथून रोज जातो. लहानपणी शाळेबरोबर, पुढे जूनमधल्या बलिदान मेळ्याला आपण तिथे थांबलेलो असतो. पण राणीसाहेबांचे माहेर इथले नव्हे आणि सासरही इथले नव्हे. आयुष्यातले तीन आठवडेसुद्धा त्यांनी या गावात काढले नाहीत. तरी त्यांचा देह याच मातीत मिसळला. तो कसा, हे आपल्या मुलांना सांगता यावे म्हणून हे लिहिणे.

त्यांचा जन्म वाराणसीचा, नाव मणिकर्णिका. वडील मोरोपंत तांबे पेशव्यांच्या आश्रयाला होते. आई भागीरथीबाई लवकर गेल्या आणि मुलगी ब्रह्मावर्तास, दुसऱ्या बाजीरावांच्या वाड्यात, मुलांच्या बरोबरीने घोड्यावर बसायला शिकली. 1842 साली झाशीचे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी लग्न होऊन त्या लक्ष्मीबाई झाल्या. पोटचा मुलगा काही महिन्यांतच गेला. नोव्हेंबर 1853 मध्ये गंगाधररावांनी नात्यातला पाच वर्षांचा आनंदराव दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदर ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी देह ठेवला. झाशीच्या लक्ष्मी तलावाजवळ राणीसाहेबांनी पतीची छत्री बांधली. ती आजही उभी आहे.

डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि 1854 मध्ये झाशी खालसा झाली. वर्षाला 60,000 रुपयांचे निवृत्तिवेतन देऊ करून राणीसाहेबांना किल्ल्याबाहेर काढले गेले. त्यांनी अर्जामागून अर्ज केले, विलायतेपर्यंत दाद मागितली. उपयोग झाला नाही. जून 1857 मध्ये झाशीची पलटण उठली. जोखनबागेत बायकामुलांसह सुमारे 60 इंग्रज मारले गेले. त्या हत्येचा ठपका इंग्रजांनी राणीसाहेबांवर ठेवला आणि त्याचा सूड पुढे साऱ्या शहराला भोगावा लागला.

मार्च 1858 मध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला. मदतीला आलेल्या तात्या टोपे यांचा बेतवेच्या काठी पराभव झाला आणि 3 एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. त्या वेळी झाशीत असलेल्या विष्णुभट गोडसे या आपल्या वरसईच्या भिक्षुकाने पुढचे दिवस डोळ्यांनी पाहिले आणि ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवले. कापाकापी थांबल्यावर गल्लीगल्लीत प्रेतांचे ढीग रचून जाळावे लागले. मंत्र, विधी कुठले असणार? राणीसाहेबांचे तोफची गुलाम गौसखान आणि खुदाबक्ष पडले. त्यांच्या व मोतीबाईच्या कबरी झाशीच्या किल्ल्यातच आहेत. मोरोपंत तांबे पुढे पकडले गेले आणि इंग्रजांनी त्यांना फाशी दिले.

दामोदरला बरोबर घेऊन राणीसाहेब रात्री किल्ल्यातून निघाल्या त्या काल्पीला पोचल्या. त्या वाटेवर विष्णुभटांना त्या पुन्हा भेटल्या. अंगावर पुरुषी वेष, धुळीने माखलेल्या आणि तहानलेल्या. भटजी पाणी काढून द्यायला पुढे झाले, पण त्यांनी ते स्वतःच्या हाताने विहिरीतून ओढले.

कूंच आणि काल्पी हातची गेल्यावर रावसाहेब पेशवे, तात्या आणि राणीसाहेब ग्वाल्हेरवर आले. 1 जूनला मुरारजवळ जयाजीराव शिंदे तोफा घेऊन सामोरे गेले, पण त्यांचेच बरेचसे सैन्य पेशव्यांना मिळाले आणि महाराज आग्र्याला निघून गेले. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांचे पूर्वज तेव्हा शिंदेशाहीच्या चाकरीत होते. कोणी महाराजांशी इमान राखले, कोणी पेशव्यांच्या झेंड्याखाली गेले. ही दुही लपवण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत रावसाहेबांकडे दरबार आणि ब्राह्मणभोजने चालली होती. राणीसाहेबांचे लक्ष मात्र मोर्च्यांकडे होते.

16 जूनला रोजने मुरार घेतले. दुसऱ्या दिवशी कोटा की सराय इथे लढाई पेटली. राणीसाहेब स्वाराच्या वेषात होत्या. आठव्या हुसार पलटणीच्या हल्ल्यात त्या घायाळ झाल्या. वार करणाऱ्याला आपण कोणावर वार केला हे ठाऊकही नव्हते. इंग्रजी कागदांत ही तारीख 17 जून आहे, आपण 18 जूनला बलिदान दिन पाळतो.

आपला देह शत्रूच्या हाती लागू नये, एवढीच त्यांची शेवटची इच्छा होती असे परंपरा सांगते. सोबत्यांनी त्यांना बाबा गंगादासांच्या मठात नेले आणि तिथेच घाईने चिता रचली. इंग्रजांना अडवताना मठातल्या शेकडो साधूंनी प्राण दिले, असे गंगादासांच्या बड्या शाळेत आजही सांगतात. रोजने पुढे एका पत्रात लिहिले की चिंचेच्या झाडाखाली त्याला फक्त अस्थी आणि राख पाहायला मिळाली. म्हणजे ती इच्छा पुरी झाली होती.

त्या दिवसाच्या हल्ल्याबद्दल हुसार पलटणीतल्या चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि त्यांची नावे दप्तरात राहिली. राणीसाहेबांबरोबर कोटा की सरायला पडलेल्या स्वारांना ना समाधी आहे ना कबर. त्यांत मराठे होते, बुंदेले होते, पठाणही होते. पोरका दामोदर दोन वर्षे रानोमाळ भटकला, 1860 मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि तुटपुंज्या तनख्यावर इंदुरात राहून 1906 मध्ये वारला. झाशी त्याला मिळाली नाही.

पतीची छत्री बांधणाऱ्या राणीची चिता परक्या गावातल्या साधूंनी रचली. तेव्हापासून ते गाव परके राहिले नाही. फूलबागेत मुलांना घेऊन जाल तेव्हा पुतळ्यापाशी फोटो काढून परतू नका. समाधीपाशी दोन फुले ठेवा आणि पुढे गंगादासांच्या शाळेतही जाऊन या. राणीसाहेबांसाठी जे मेले आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांना नमस्कार करण्याची आपल्या गावात तीच एक जागा आहे.