वसईचे संत गोन्सालो गार्सिया : शस्त्राविना लढलेली लढाई

जपानच्या सव्वीस हुतात्म्यांचे स्मरण ख्रिस्तसभा दरवर्षी ६ फेब्रुवारी रोजी करते. त्यातील एक नाव आपल्या महाराष्ट्राच्या मातीतले आहे. द्वारका चौकातून मुंबई-आग्रा महामार्गाला लागून कसारा घाट उतरला, की ज्या वसईला आपण काही तासांत पोहोचतो, त्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले संत होत. वसईकरांना त्यांची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. परंतु आपल्या नाशिक धर्मप्रांतातील अनेक श्रद्धावंतांना त्यांचे नाव ठाऊक असते, चरित्र नसते.

हे चरित्र आज सांगण्यास आणखी एक कारण आहे. २००८ साली ओडिशातील कंधमाल जिल्ह्यात ख्रिस्ती वस्त्यांवर हल्ले झाले आणि हजारो कुटुंबांना जंगलात आश्रय घ्यावा लागला. तेव्हापासून आपल्या तरुणांच्या मनात एक प्रश्न वारंवार येतो : कोणी अंगावर धावून आला, तर ख्रिस्ती माणसाने हात उचलावा, की गुडघे टेकावेत? या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणारा मनुष्य बहुधा त्या प्रसंगातून गेलेला नसतो. गोन्सालो मात्र त्या प्रसंगातून गेले.

१५३४ च्या तहाने वसई गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे आली. त्या लष्करी ठाण्यात १५५६ च्या सुमारास गोन्सालोंचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. तट, तोफा आणि शिपाई यांच्या सान्निध्यात वाढलेल्या या मुलाला येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत शिक्षण मिळाले. फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांचा त्याच्यावर विशेष लोभ होता. त्यांच्याच प्रेरणेने पंधरा-सोळा वर्षांचा गोन्सालो जपानला गेला, तेथील भाषा उत्तम शिकला आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून धर्मगुरूंच्या हाताखाली राबला.

येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची तीव्र इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. प्रवेश लांबणीवर पडत गेला. निराश मनाने त्यांनी संघाचा निरोप घेतला आणि ते व्यापारात शिरले. व्यापारात त्यांना यश मिळाले, पैसाही मिळाला. पुढे मनिला येथे त्यांचा फ्रान्सिस्कन बंधूंशी संबंध आला आणि सारा व्यापार सोडून त्यांनी त्या संघात प्रवेश केला, तोही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधा व्रतस्थ बंधू म्हणून. ज्याला एका दारातून परत फिरावे लागले, त्याने दुसऱ्या दाराशी सर्वांत खालची जागा पत्करली. या चरित्रातील हा भाग आपण फार घाईने वाचतो, असे मला वाटते. अपमान गिळून कटू न होणे ही हुतात्म्याच्या मरणाआधीची पहिली तालीम असते.

जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम काढला होता, परंतु त्याची अंमलबजावणी ढिली होती. त्याने फिलिपाइन्सकडे मांडलिकत्वाची मागणी केली, तेव्हा मनिलाच्या गव्हर्नरने १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पाठविले. त्यात दुभाषी म्हणून बंधू गोन्सालो होते. कोरियाशी युद्ध करीत असलेल्या त्या संतापी सत्ताधीशासमोर वसईचा हा अनवाणी बंधू उभा राहिला आणि फ्रान्सिस्कनांना क्योतोत राहण्याची अनुज्ञा मिळाली. तेथे चर्च उभे राहिले, मठ उभा राहिला आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयेही निघाली.

येथे एक गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. जपानमधील कार्य पोपमहाशयांनी १५८५ मध्ये येशूसंघीयांकडे सोपविले होते; त्यामुळे फ्रान्सिस्कनांचे येणे त्यांना रुचले नव्हते. दोन्ही संघांत कुरबुरी होत्या. गोन्सालोंनी दोन्ही घरांचे मीठ खाल्ले होते.

ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश गलबत वादळात सापडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागले. त्यातील मौल्यवान माल जप्त झाला. स्पेनचा राजा आधी मिशनरी पाठवितो आणि मागाहून सैन्य, अशा अर्थाची बढाई गलबताच्या सुकाणूधराने मारल्याचे हिदेयोशीच्या कानी गेले. साम्राज्याच्या तलवारीचा धाक दाखविणाऱ्या त्या बोलण्याची किंमत निःशस्त्र माणसांनी मोजली. डिसेंबरात क्योतो आणि ओसाका येथील मठांभोवती पहारे बसले.

पहाऱ्यात काढलेल्या त्या दिवसांत त्यांनी मिस्साबलिदान, पापनिवेदन आणि प्रार्थना यांच्या साहाय्याने मरणाची तयारी केली. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत त्यांचे कान कापण्यात आले. मूळ हुकूम नाक व दोन्ही कान कापण्याचा होता. अधिकारी इशिदा मित्सुनारी याने शिक्षा सौम्य करून ती डाव्या कानापुरती ठेवली. गेथशेमनी बागेत पेत्राने प्रभूच्या रक्षणासाठी तलवार उपसली, तेव्हा त्यानेही एक कान कापला होता, तो महायाजकाच्या सेवकाचा. प्रभूने तो कान बरा केला आणि तलवार म्यानात घालायला लावली. त्या कथेचा अर्थ गोन्सालो व त्यांच्या सोबत्यांनी उलट्या बाजूने जगून दाखविला.

क्योतोहून चोवीस जण निघाले. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या दोघांना त्यांच्यातच जोडण्यात आले. भर थंडीत, कित्येक आठवडे, शेकडो मैलांची ही यात्रा नागासाकीपर्यंत चालली. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक. ज्या दोन संघांचे आपसात पटत नव्हते, त्यांचे बंधू एकाच दोरीने बांधले गेले. लुईस इबाराकी अवघ्या बारा वर्षांचा होता. वडिलांबरोबर चाललेल्या थॉमस कोझाकी या मुलाने वाटेत आईला लिहिलेले पत्र नंतर वडिलांच्या मृतदेहावर रक्ताने माखलेले सापडले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. आपल्या क्रुसाकडे प्रथम गोन्सालो गेले, अशी परंपरा आहे. लहानग्या लुईसला धर्म सोडल्यास जीवदान देऊ केले गेले. त्याने ते नाकारले. सामुराई कुळातील पॉल मिकी यांनी क्रुसावरून मारेकऱ्यांना आणि हिदेयोशीला क्षमा केली. मुले स्तोत्र गात होती. मग दोन्ही बाजूंनी भाल्यांचे वार झाले.

याचा अर्थ ख्रिस्ती माणसाने कधीच स्वतःचा बचाव करू नये, असा होतो काय? ख्रिस्तसभा तसे शिकवीत नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या काळापासून ती सांगत आली आहे की, आपला जीव वाचविण्यासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरणे हे पाप नव्हे. ज्यांच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे, त्यांचे तर ते कर्तव्यही ठरू शकते. छळ झाल्यास एका गावातून दुसऱ्या गावी पळून जाण्याची मुभा स्वतः प्रभू येशूने शिष्यांना दिली आहे. पोलिसांत तक्रार देणे, न्यायालयात दाद मागणे यांत श्रद्धेची कमतरता नाही. संत पौलाने आपल्या रोमी नागरिकत्वाचा आधार घेतलाच होता. परंतु त्याच पौलाने इफिसकरांना लिहिताना शस्त्रसामग्रीचे रूपक वापरले, तेव्हा खरा शत्रू समोरचा माणूस नव्हे, हे आधी स्पष्ट केले आणि शेवट अखंड प्रार्थनेवर केला. द्वेष, सूडबुद्धी आणि भय ही सैतानाची शस्त्रे होत. बचाव करतानाही ती मनात शिरू न देणे, ही लढाई जपमाळेनेच लढावी लागते.

जपानमध्येच दुसरा मार्गही चोखाळला गेला. छळ आणि जुलमी कर यांना कंटाळून १६३७ मध्ये शिमाबाराच्या शेतकऱ्यांनी, ज्यांत बहुसंख्य ख्रिस्ती होते, बंड केले. १६३८ मध्ये हारा किल्ला पडला आणि आतील सारे बंडखोर, स्त्रिया-मुलांसह, मारले गेले. त्यांच्या दुःखाबद्दल कठोर शब्द काढवत नाही. तरीही ख्रिस्तसभेने त्यांना हुतात्म्यांत गणलेले नाही. उलट, श्रद्धेसाठी १५८७ मध्ये जहागीर सोडणारे आणि पुढे मनिलाच्या हद्दपारीत मरण पावलेले सामुराई ताकायामा उकोन यांना २०१७ मध्ये धन्य घोषित करण्यात आले. तलवार चालविण्यात ते निष्णात होते, हे विसरू नये.

गोन्सालो व त्यांच्या सोबत्यांना पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये धन्य, तर पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी संत घोषित केले. वसईतील गास येथील चर्च गोन्सालोंच्या नावाचे आहे.

संतपदाच्या घोषणेनंतर नागासाकीत ओउरा येथे या सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने चर्च बांधण्यात आले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही स्त्री-पुरुष तेथे भीत भीत आले आणि त्यांनी फादर पेतीजाँ यांना आपली श्रद्धा एकच असल्याचे हळूच सांगितले. पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे त्यांनी विचारले. दोनशेहून अधिक वर्षे त्यांच्याकडे एकही धर्मगुरू नव्हता; प्रापंचिकांनीच मुलांना बाप्तिस्मा दिला होता आणि प्रार्थना शिकविल्या होत्या.