अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई

आपल्या तुकडीने शाळेमागच्या वस्तीतल्या मुलांसाठी रविवारचा अभ्यासवर्ग सुरू केला होता, हे बहुतेकांना ठाऊक आहे. महिन्याभरात तो ओस पडला, हे थोड्यांनाच माहीत असेल. पालकांनाच आस्था नाही, असे मी तेव्हा बैठकीत ठासून सांगितले होते. पुढे ताराबाई मोडकांचे चरित्र वाचनात आले आणि माझे ते बोलणे मलाच बोचू लागले.

ताराबाई १८९२ सालच्या, जन्म मुंबईचा. राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य होत्या. तिथून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या आणि बालशिक्षणाच्याच झाल्या. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढले. नाव झाले, मान मिळाला. पण बालमंदिरातली महागडी साधने शहरातल्या सुखवस्तू घरांनाच परवडत.

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबतीला अनुताई वाघ होत्या. बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतली मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. आधी मुलांच्या आंघोळी, नखे, केस. मग गाणी आणि गोष्टी. साधने म्हणजे शिंपले, बिया, पाने, खडे. खर्च जवळजवळ नाहीच. (आम्ही मात्र पहिल्या दिवशी फलक आणि फोटोवरच किती खर्च केला, ते इथे लिहीत नाही.)

१९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुले दिवसभर गुरांमागे, मुली धाकट्या भावंडांना सांभाळण्यात. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. भावंड कडेवर घेऊन मुलगी शाळेत येऊ शकली. गुराख्यांसाठी तर कुरणातच शाळा भरू लागली. १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, तेव्हाही मुक्काम कोसबाडलाच होता. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी सरकारी अंगणवाड्या सुरू झाल्या. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे नेले.

गेल्या महिन्यात आम्ही तिघे वस्तीत घरोघर गेलो. रविवारी बरीच मुले आईबरोबर कामावर जातात, हे तेव्हा कळले. आधी आम्ही कुणाला विचारलेच नव्हते. नळाशेजारच्या एका आजींनी आपले अंगण देऊ केले आहे. आता बुधवारी संध्याकाळी सहाला तिथेच बसतो. येताना चटई आणा.